एक जूनची माणसं

सकाळी दूध आणायला खाली उतरलो तर सोसायटीच्या फाटकावर माझंच तोंड टांगलेलं. मोठा फ्लेक्स होता. मागे निळं आभाळ, त्यात उगाच दोन कबुतरं, आणि मधोमध पाच गोल चौकटींत पाच म्हातारे चेहरे. वर जाड अक्षरांत ‘एक जून रोजी जन्मलेल्या आपल्या सर्व ज्येष्ठांना वाढदिवसाच्या लाख लाख शुभेच्छा’, खाली ‘संध्याकाळी सामुदायिक केक’, आणि कोपऱ्यात शुभेच्छुक म्हणून विकीचा फोटो, आमच्या पाचही फोटोंपेक्षा मोठा. विकीचं स्टेशनकडे मोबाइलचं दुकान आहे आणि त्याला नगरसेवक व्हायचं आहे, हे आमच्या सोसायटीतल्या कुत्र्यांनाही ठाऊक आहे. माझा फोटो त्याने शाळेच्या निरोप समारंभातला उचलला होता. फोटो कापताना हातातला नारळ अर्धाच आत राहिला, त्यामुळे माझ्या हनुवटीखाली शेंडी आल्यासारखी दिसत होती. मला हसू आलं. मग हसता हसता मी उरलेले चेहरे नीट पाहिले. टपालखात्यातले एक गृहस्थ, तळमजल्यावरचे शत्रुघ्नराव जे गिरणी बंद पडल्यावर चाळ सोडून कायमचे इकडे आले, दोन बायका, आणि मी. या पाचांतलं एकही माणूस एक जूनला जन्मलेलं नाही, हे मला कुणी न सांगता कळत होतं. हसू तिथेच थांबलं. पिशवी हातात धरून मी उभा राहिलो होतो, दूधवाला दोनदा ‘सर’ म्हणाला तेव्हा भानावर आलो.

आमच्या पिढीला हे समजावून सांगावं लागत नाही. बाप पोराला शाळेत घालायला घेऊन जायचा. गुरुजी जन्मतारीख विचारायचे. बाप डोकं खाजवून ‘गणपतीच्या जरा अगोदर’ किंवा ‘तांबडी गाय व्याली त्या साली’ असं काहीबाही सांगायचा. मग गुरुजी पोराला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला लावायचे. कान हाताला लागला की पोर सहा वर्षांचं झालं. शाळा जूनमध्ये उघडायची, म्हणून सहा वर्षं मागे जाऊन तारीख लिहायची एक जून. माझा हात कानाला पुरत नव्हता, एवढं मला आठवतं. गुरुजींनी माझी मान हलकेच वाकवली, बोटं कानाला टेकली, आणि दौतीत टाक बुडवून त्यांनी मला जन्माला घातलं. वडिलांनी हात जोडले. बाहेर आल्यावर त्यांनी मला लिमलेटची गोळी घेऊन दिली, म्हणजे तोच माझा पहिला वाढदिवस धरायला हरकत नाही. असे आम्ही महाराष्ट्रभर पसरलेले, मास्तर, तलाठी, कंडक्टर, हवालदार, सगळे एकाच दिवशी जन्मलेले. एवढी बाळं एका दिवशी खरोखर जन्मली असती तर सुइणींनी संप केला असता.

एक तारखेला जन्मलेल्याने आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त व्हायचं, असा नियम आहे. म्हणून आम्ही सगळे एकतीस मेला एकदमच घरी जातो. आणि एकतीस मेला शाळेला सुट्टी असते. काल मी शाळेत गेलो तेव्हा व्हरांड्यात बाकं एकावर एक रचून ठेवलेली होती, रंगाचे डबे होते, आणि नळाखाली कुणीतरी लावलेली बादली भरून वाहत होती. निरोप समारंभ सुट्टी लागायच्या आधी एप्रिलमध्येच उरकला होता, त्यामुळे काल माझ्याकडे करायला काही नव्हतं. कार्यालयात सह्या केल्या, कपाटाची किल्ली दिली आणि दर्शनी भिंतीवरच्या फळ्यापाशी जाऊन उभा राहिलो. फळ्यावर शेवटच्या दिवसाचा दिनविशेष तसाच होता, माझ्या अक्षरात. मेमध्येच पाऊस येऊन गेल्यामुळे ओलीने त्यातली निम्मी अक्षरं खाल्ली होती. मी फडका शोधला, मिळाला नाही. तळहाताने पुसायला लागलो आणि मग कंटाळून अर्ध्यावर सोडून दिलं. एवढ्या वर्षांच्या नोकरीचा शेवट असा पांढऱ्या हाताने होईल असं वाटलं नव्हतं, पण वाईटही वाटलं नाही. थकल्यासारखं मात्र वाटलं, तेही कालचं नव्हे, बरंच जुनं.

शाळेत मला दिनविशेषवाले सर म्हणत. इतिहास शिकवायचो म्हणून पहिल्याच वर्षी मुख्याध्यापकांनी ते काम माझ्या गळ्यात मारलं आणि मग ते कुणी काढून घेतलं नाही. सकाळी परिपाठाआधी फळ्यावर तीन रकाने. घटना, जन्म, मृत्यू. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, सुविचार झाले की एक मूल माईकपाशी येऊन ते वाचून दाखवायचं, ‘आजचा दिनविशेष’ म्हणताना श्वास संपायचा आणि ‘विशेष’ वेगळं पडायचं. सुरुवातीला मला त्या कामाचा अभिमान होता. कुठलीही तारीख सांगा, मी तिच्याखाली काय काय पुरलंय ते सांगायचो. शिक्षकांच्या खोलीत कुणी पोराच्या लग्नाची तारीख काढली की मी लगेच म्हणायचो, अहो त्या दिवशी अमुक एका जहाजाला जलसमाधी मिळाली. लोक हसायचे, नंतर नंतर मला तारखा सांगेनासे झाले. मला स्वतःला त्या तीन रकान्यांतली एक गोष्ट खुपायची. कुठला तरी करार, कुठल्या तरी क्रिकेटपटूचा जन्म आणि कुठल्या तरी राणीचा मृत्यू, यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नसतो. वर्षं वेगळी, देश वेगळे. केवळ एका चौकोनात राहायला आले म्हणून शेजारी. आमच्या इमारतीसारखंच. विरारहून, कोकणातून, घाटावरून आलेले लोक एका जिन्याने वर-खाली करतात आणि कुणाच्या घरात काय चाललंय याचा पत्ता नसतो. एक जूनचा दिनविशेष मात्र मी कधी लिहिला नाही. शाळाच नसायची. दख्खनची राणी एक जूनला पहिल्यांदा धावली, एसटीची पहिली बस पुण्याहून नगरला एक जूनला गेली, नर्गिसचा जन्म त्या दिवशीचा, हे सगळं मला पाठ. पण ते फळ्यावर यायचा योग नव्हता.

आमच्या शाळेत बॅप्टिस्ट सर होते, गणिताचे. वसईतल्याच जुन्या ख्रिस्ती घरातले. आम्ही एकाच वर्षी लागलो. ते माझ्या एक जूनवर फार हसायचे. त्यांच्या घरी पणजोबांचीसुद्धा तारीख माहीत होती, कारण मूल जन्मलं की आठवड्याच्या आत चर्चमध्ये नेऊन बाप्तिस्मा, आणि फादरच्या वहीत आई, बाप, धर्मपिता सगळ्यांची नावं. बॅप्टिस्ट सरांना जन्माचा दिवस होता, बाप्तिस्म्याचा दिवस होता, शिवाय ज्या संताचं नाव ठेवलं त्या संताचा सण होता. एका माणसाला तीन दिवस आणि मला एकही नाही, असं मी त्यांना म्हणायचो. ते म्हणायचे, काशीराम, तुला देवाने मोकळा सोडलाय, कुठल्याही दिवशी जन्म घे. चेष्टाच होती. पण एकदा त्यांच्या घरी वाढदिवसाला गेलो होतो, त्यांची म्हातारी आई क्लेमेंटीनबाई मुलाच्या केसांतून हात फिरवत म्हणाली, ह्याच वेळेला आला होता हा, चर्चमध्ये सांजच्या प्रार्थनेची, एंजेलसची घंटा वाजत होती. पन्नाशी उलटलेले बॅप्टिस्ट सर मान खाली घालून तो हात फिरवून घेत होते. त्या दिवशी मी लवकर निघून आलो. माझ्या बायकोने, विनिताने विचारलं, काय झालं, तर डोकं दुखतंय म्हणालो.

दूध घेऊन वर आलो तेव्हा विनिता माझा फोन हातात धरून बसली होती. बँकेचा निरोप, विम्याचा निरोप, शाळेच्या ग्रुपवर पुष्पगुच्छ. ज्ञानदाचा बंगलोरहून फोन येऊन गेला होता. आमची एकुलती एक मुलगी, ती मला दरवर्षी ‘हॅपी खोटा बर्थडे’ म्हणते. मी चहा घेतला नाही. विनिता म्हणाली, फ्लेक्स पाहिलात का, शेंडी छान दिसते. मी म्हणालो, विनिता, आता ही तारीख माझ्या काय कामाची? तिला कळलं नाही. मलाही बोलल्यावरच कळलं. शाळेत घालायला ती तारीख लागली होती. शाळेतून काढायला ती लागली. दोन्ही कामं झाली, कालपर्यंत. शाळेने दिलेली वस्तू शाळेने परत घेतली, किल्लीसारखी. आज सकाळी उठलेला माणूस कुठल्या दिवसाचा, हे मला ठाऊक नव्हतं, आणि ते ठाऊक असलेलं एकच माणूस जगात होतं. ते गिरीजला, आमच्या गावच्या घरी, खाटेवर पडून होतं. आईचं हृदय आता नावापुरतं चालतंय असं डॉक्टरांनी पाडव्याच्या सुमाराला सांगितलं होतं. कधी ती मला ओळखायची, कधी वडील समजून माझ्यावर रागवायची. मी विनिताला म्हणालो, गिरीजला जाऊन येतो, आईला विचारतो. ती म्हणाली, आजवर कितीदा विचारलंत. ते खरं होतं.

स्कूटरवर बसलो. हवा कोंदट होती, रस्त्याच्या कडेला मेच्या पावसाचं पाणी अजून साचलेलं. उड्डाणपूल उतरून पश्चिमेला वळलं की इमारती विरळ होत जातात आणि केळी सुरू होतात, तिथे माझा हात आपोआप सैल पडतो. जन्मभर येत-जात राहिलो तरी पडतो. लहानपणी मी आईला विचारायचो, तेव्हा ती कामात असायची आणि न बघता काहीतरी सांगायची. एकदा म्हणाली, भाताची झोडणी चालली होती. एकदा म्हणाली, शिमग्याच्या आगंमागं. कॉलेजात असताना मी चिडून म्हणालो, तुला माझ्या जन्माचंसुद्धा लक्षात ठेवावंसं वाटलं नाही का? तेव्हा तिने हातातली वालाची शेंग सोलायची थांबवली, माझ्याकडे बघितलं, आणि पुन्हा सोलायला लागली. मी समजलो, बाईला येत नाही मोजता. तिचं माहेर खाडीकाठचं, भातशेतीचं, ते लोक भरतीओहोटी मोजतात, तारखा मोजत नाहीत. पण धाकट्या भावाचा दिवस तिला पक्का माहीत होता. नारळी पौर्णिमेचा दुसरा दिवस, बाजारचा वार, तिसरा प्रहर, सुईण कुठल्या पायरीवरून घसरली तेही. मग माझाच का नाही, हा प्रश्न मी तेव्हा मनात येऊ दिला नाही. थोरल्या पोराला असे प्रश्न परवडत नाहीत. आज मात्र केळींच्या मधल्या त्या अरुंद रस्त्यावर तो आला आणि मागे बसून राहिला.

घरी भावाची बायको संजना अंगणात भाजीच्या जुड्या बांधत होती. हे गेले बाजारात, आई जाग्या आहेत, आज शुद्धीत आहेत, असं तिने सांगितलं. आई पडवीत खाटेवर होती, उशीला टेकून बसवलेली. धोंडूबाई म्हणून सगळ्या गिरीजमध्ये दरारा असलेली बाई आता उशीपेक्षा लहान दिसत होती. मला बघून म्हणाली, ‘काशी, आज शाळा नाय?’ मी म्हणालो, शाळा संपली, काल निवृत्त झालो. तिने मान हलवली, जणू तिला ते आधीच कुणी कळवलं होतं. मी खाटेच्या कडेला बसलो. पडवीला खोबरेल आणि ओल्या मातीचा वास होता. काय विचारायचं ते रस्ताभर ठरवून आलो होतो आणि तोंडातून निघालं ते जुनंच. आई, माझा जन्म कधीचा, खरं सांग. ती म्हणाली, झोडणीच्या वेळचा. मी म्हणालो, झोडणी महिनाभर चालते. थंडी होती? होती म्हणाली. सकाळ की रात्र? तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. मला एकदम फार दमल्यासारखं झालं. वाटलं, जाऊ दे, या वयात तिला असं उलटतपासणीला उभं करणं बरं नव्हे. उठायच्या बेतात होतो, तेवढ्यात सवयीने, फळ्यासमोर उभं राहून स्वतःला रोज विचारायचो तसं मी विचारलं, आई, त्या दिवशी आणखी काय झालं होतं?

हा प्रश्न मी तिला आजवर कधी विचारला नव्हता. जगातल्या प्रत्येक तारखेला विचारला होता. संजना जुडी बांधायची थांबून आत बघत होती. मग भिंतीकडेच बघत आई म्हणाली, ‘जमीन हालली होती.’

मी ताठ बसलो. पहाटे का, म्हणून विचारलं. ‘पहाटेची. काळोख होता. मडकी पडली, कौलं सरकली. समदे भायेर पळाले.’ मला पुढचं ऐकायचीही गरज नव्हती. पहाटेच्या काळोखात इथवर जमीन हलवणारा, माझ्या वयाचा भूकंप एकच, कोयनेचा. अकरा डिसेंबर, एकोणीसशे सदुसष्ट. शाळेत घातलं तेव्हा हात कानाला का पुरला नाही तेही कळलं, साडेपाच वर्षांचा होतो मी. इतका आनंद मला कालच्या दिवसात, त्याआधीच्या कित्येक वर्षांत झाला नव्हता. लाज वाटावी असा आनंद. मी आईचा हात धरून बोलत सुटलो. आई, अकरा डिसेंबर, मी दरवर्षी फळ्यावर लिहायचो गं तो दिवस. घटना, कोयना परिसरात भूकंप. घटना, मुलांसाठी काम करणाऱ्या युनिसेफची स्थापना. जन्म, दिलीपकुमार. जन्म, बुद्धिबळाचा विश्वनाथन आनंद. एवढी वर्षं स्वतःच्याच वाढदिवसाला स्वतःच्या हाताने फळा लिहिला आणि मला ठाऊक नव्हतं. हसत होतो मी, डोळ्यांत पाणी आलं होतं. संजनाही दारातून हसत होती. विनिताला, ज्ञानदाला कधी सांगतो असं झालं होतं. आई माझं सगळं बोलणं नीट ऐकत होती, एखाद्या लहान पोराचा धडा ऐकावा तसं. मग तिने विचारलं, ‘आनि मरन कोनाचं लिहायचास?’

मी म्हणालो, मृत्यू, गायिका एम. एस. सुब्बुलक्ष्मी.

‘आनि आपल्या सोनूचं?’

सोनू कोण, असं मी विचारलं नाही. माझ्याआधी एक मुलगी होती आणि ती लहानपणीच गेली, एवढं मला घरातल्या बोलण्यातून ठाऊक होतं. त्या काळी प्रत्येक घरात असं एखादं असायचं. मी ते तापाने, खोकल्याने गेलं असं धरून चाललो होतो. तिचं नाव मात्र मी आज पहिल्यांदा ऐकलं. आई सांगत होती, मधेच श्वासासाठी थांबत, पण एकही शब्द न चुकता. रात्रभर कळा चालल्या होत्या. घरातल्या आणि शेजारच्या सगळ्या बायका तिच्या खोलीत. चार वर्षांची सोनू मधल्या खोलीत आजोबांच्या कुशीत निजलेली. जमीन हलली तशी पुरुष माणसं ओरडत अंगणात पळाली, आजोबांना वाटलं पोर बापाने उचलली, बापाला वाटलं आजोबांनी. बायका आईला सोडून जाऊ शकत नव्हत्या. त्या गोंधळातच मी आलो. मी रडलो तेव्हा सगळ्यांना एवढं हायसं वाटलं की कुणी मोजदाद केली नाही. उजाडल्यावर सोनूला हाका मारायला लागले. ती मागच्या बाजूला पळाली होती, काळोखात, बावखलाच्या दिशेने. वाडीतली ती तळी डिसेंबरात काठोकाठ भरलेली असतात. वडिलांनी पुढच्याच उन्हाळ्यात ते बावखल माती टाकून बुजवलं. मी तिथल्या अळूच्या वाफ्यात खेळलेलो आहे.

उजाडल्यावर सुईनीनं तुला न्हाऊ घालून माझ्या अंगावर ठेवला, आई म्हणाली, आनि भायेरून तिला आनली. दोघं एकदमच. मला तिच्या तोंडाकडे बघवेना. मार्गशीर्षात ती दर गुरुवारी लक्ष्मीचा उपास करायची, आणि त्या महिन्यात मधेच एखादा वेगळाच दिवस धरायची, त्या दिवशी पाणीसुद्धा प्यायची नाही. आम्ही भाऊ चेष्टा करायचो, आईचा कुठलातरी जास्तीचा देव आहे. ती तिथीने धरत होती, मी तारखेने लिहीत होतो, म्हणून आमचे दोन दिवस क्वचितच एकमेकांवर आले असतील. आणि आले असते तरी मी संध्याकाळी घरी येऊन हातपाय धुऊन पानावर बसलो असतो, ती वाढत राहिली असती, एवढंच. तिला माझा दिवस आठवत नव्हता असं मी जन्मभर समजत आलो. दुसरा कुठलाच दिवस तिने इतका पाळला नव्हता.

मी कसंबसं म्हणालो, मला सांगायचं होतंस. ती म्हणाली, ‘सांगितलं असतं तर तू पेढे आनले असतेस. शाळेतून हार घालून आला असतास. त्या दिशी मी तुझं तोंड गोड करू का तिला रडू?’ रागाने नव्हे, हिशेब कधीच सुटला नाही असं कबूल करावं तसं ती बोलत होती. ‘गुरुजींनी काय ती तारीख लिहिली, मला बरं वाटलं. म्हटलं, ह्याला हिचा दिस नको. ह्याला दुसरा मिळाला.’ मला भडभडून आलं. लहानपणी मला आईचा राग यायचा, तिचा हात पाठीवरून फिरायचा तो जरा लवकर उचलला जायचा असं वाटायचं, आणि मी त्याची कारणं माझ्यात शोधायचो, रंग सावळा म्हणून, गणित येत नाही म्हणून. साठीला टेकलेला माणूस खाटेच्या कडेला बसून हे सगळं आठवतो आणि रडतो, हे हास्यास्पद आहे. मी रडलो. संजना जुड्या उचलून मागच्या दाराला निघून गेली.

खिशातला फोन वाजला, विनिताचा होता, मी उचलला नाही. आईला म्हणालो, या मार्गशीर्षात मी येईन. तू तिथी सांग, मी पण उपास धरीन. तिने इतक्या जोरात मान हलवली की उशी सरकली. ‘उपास माझा हाय. तू नाय धरायचा. तू त्या दिशी ये आनि माझ्या म्होरं बसून जेव.’ मी हो म्हणालो. ती माझ्याकडे बराच वेळ बघत होती, ओळखीच्या डोळ्यांनी. मग म्हणाली, मार्गशीर्ष लांब हाय, तवर तुझी आई असंल नसंल. आजच जेव.

तिने संजनाला हाक मारली, तिच्या जुन्या दरडावणीच्या आवाजात. संजनाने पडवीतच ताट मांडलं, सकाळचा भात, डाळ, अळूची भाजी. ते अळू कुठलं होतं ते मी विचारलं नाही. मला भूक नव्हती. संजनाने आईला पेलाभर पेज आणली तर तिने हाताने बाजूला केली. मी पहिला घास घेतला. ती खाटेवर पुढे वाकून, दोन्ही हात मांडीवर ठेवून, माझ्या तोंडाकडे बघत होती, चावताना, गिळताना, पुन्हा हात ताटाकडे जाताना. भात संपत आला तसा तिने संजनाच्या हातातला डाव मागून घेतला, निम्मा भात खाली सांडला. उरलेला तिने माझ्या ताटात वाढला, आणि मी नको म्हणालो नाही.